लेआ म्हणजे थकलेली

ठाण्याहून भावाचा फोन आला तेव्हा मी शाळेत शिकवायला जायला मुरबाडच्या एसटी स्टँडवर टोकावड्याच्या गाडीत बसले होते. गाडी लागलेली होती, पण ड्रायव्हर चहाला गेलेला होता. भाऊ म्हणाला, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्याच्या घरात पाळणा हलणार होता, मला खरं म्हणजे रडू यायला हवं होतं. पण आईनं पहाटेच उठवून बसवलं होतं, डोळे चुरचुरत होते, आणि माझ्या तोंडून फक्त "बरं झालं रे" एवढंच निघालं.

मग त्यानं पुढचं सांगितलं. आईला ठाण्याला नेणं शक्य नाही, म्हणून बारसं मुरबाडलाच करायचं. नाव आत्यानं ठेवायचं असतं, म्हणजे मीच. आणि नाव दोघांनी ठरवून टाकलंय. "तुझंच ठेवायचं," तो म्हणाला. "लेआ."

मी म्हटलं, नको.

तो हसला. त्याला वाटलं, मी संकोचानं म्हणतेय. तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली आणि बोलणं तिथंच राहिलं.

मुरबाडात यहुद्यांचं घर आता आमचं एकच. वडील सरकारी नोकरीत बदली होऊन इथं आले, आणि बदल्या थांबल्यावरही इथंच राहिले. बाकीचे नातेवाईक ठाण्याला, पनवेलला, आणि पुष्कळसे थेट इस्राएलला. आमच्या वाडवडिलांचे कोकणात तेलाचे घाणे होते. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावाच्या शेवटी 'कर' आहे, घरात बोलणं मराठी, साड्याही तशाच. त्यामुळे नव्या माणसाला आमच्यात काही वेगळं दिसत नाही. मी नाव सांगितलं की मात्र पुढचा प्रश्न ठरलेला: म्हणजे काय हो? शाळेतल्या पोरांपासून बँकेतल्या साहेबांपर्यंत सगळ्यांनी तो विचारून झालाय. आपल्याकडे नावाला अर्थ लागतो. कंटाळून मी बरीच वर्षं "देवीचं नाव आहे" असं ठोकून द्यायचे. आमच्यात देवी नाही हे विचारणाऱ्याला कुठं माहीत असतं!

खरा अर्थ मला कळला तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते. ठाण्याला आमच्या प्रार्थनामंदिरात एक वयस्कर गृहस्थ मुलांना हिब्रू शिकवायचे, त्यांना मी विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि वाईट रिपोर्ट सांगताना डॉक्टर बोलतात तसं हळू बोलत म्हणाले, या शब्दाचं मूळ थकण्यात आहे. दमलेली, शिणलेली. माझा चेहरा बघून त्यांनी घाईनं दुसरं मतही सांगितलं. इराककडच्या एका फार जुन्या भाषेत अशाच शब्दाचा अर्थ गाय होतो, आणि आमच्या धर्मग्रंथातल्या पहिल्या लेआच्या धाकट्या बहिणीच्या नावाचा अर्थ मेंढी. बाप गुराखी-धनगर माणूस, त्यानं एका मुलीला गाय म्हटलं, दुसरीला मेंढी. थकलेली किंवा गाय. विशीतल्या मुलीला यातलं काय निवडावंसं वाटणार?

ती पहिली लेआ आमच्या मूळपुरुषाची बायको. त्याचा जीव होता तिच्या धाकट्या बहिणीवर. बापानं लग्नाच्या दिवशी बुरख्याखाली थोरलीला बसवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याला कळलं. तिचे डोळे अधू होते म्हणे. तिला मुलं झाली पुष्कळ, नवऱ्याची माया मात्र बहिणीकडेच राहिली. अशा बाईचं नाव लोक आपल्या मुलींना का ठेवतात, हे मला कधी कळलं नाही. ती आपल्या साऱ्या समाजाची आई आहे म्हणून ठेवतात, असं ते गृहस्थ म्हणाले. असेल.

पण अर्थाचं मला एवढं काही नव्हतं. मला टोचत होतं ते निराळं होतं. माझ्या आईनं मला उभ्या आयुष्यात एकदाही या नावानं हाक मारलेली नाही. भावाला ती त्याच्या पूर्ण नावानं, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारायची. मला मात्र "बाय". दुसऱ्या कोणाशी बोलताना "आमची थोरली". शाळेत बाईंनी घरचं कोणाला तरी बोलावून आण म्हटलं आणि आई आली, तेव्हाही तिनं "ही माझी मुलगी" एवढंच सांगितलं.

याचं कारण मला माहीत होतं, निदान मी तसं समजत होते. लेआ हे माझ्या आजीचं, म्हणजे वडिलांच्या आईचं नाव. आजी कडक होती. आई तिच्या हाताखाली पोळून निघाली, हे मला नातेवाईक बायकांच्या कुजबुजीतून कळलेलं. मी झाले तेव्हा आजीनंच ठरवलं की नातीला आपलंच नाव ठेवायचं. सुनेनं सासूचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत, ती आमच्यातही होती. म्हणजे सासूचं नाव मांडीवर घेऊन आईनं मला वाढवलं. आजी मी लहान असतानाच गेली, पण आईची जीभ काही सुटली नाही. माझं नाकही आजीवर गेलंय. मला बघितलं की आईला सासू आठवते, नावापायी मी तिची नावडती झाले, असं मी मनाशी धरलं आणि तेच धरून केस पांढरे केले. ते नाव आता भाचीच्या कपाळी मारायचं?

मला आईला फक्त एकच विचारायचं होतं. तुला माझं नाव आवडलं नाही, की मी? पण ती आता विचारण्यासारखी राहिली नव्हती. तिची आठवण गेली दोन-तीन वर्षं वाळूसारखी सरकत चाललीय. शुक्रवारी संध्याकाळी लावायचा आमचा दिवा ती मंगळवारी लावायला निघते. चहात मीठ घालते. वडील जाऊन वर्षं झाली, तरी ती मला विचारते, ते जेवले का? मी दिवसभर शाळेत पोरांच्या मागे, संध्याकाळी तिच्या मागे. मी नसताना शेजारच्या काकू येऊन बसतात, त्यांचे उपकार कसे फेडायचे ते मला कळत नाही. घाटाकडून येणाऱ्या एसटीत उभं राहून घरी येताना कधी कधी वाटतं, गाडीनं मुरबाडला थांबूच नये, अशीच कल्याणपर्यंत जावी, आणि तिथं कोणी मला ओळखू नये. मग लगेच आईची गोळी आठवते.

तरी मी विचारून बघितलं. तिला अंघोळ घालताना म्हटलं, आई, माझं नाव आवडतं का गं तुला? ती म्हणाली, पाणी गार हाय. दुसऱ्या दिवशी जेवताना विचारलं. तिनं ताटातला भात माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, तू खा, तू बारीक झालीस. असं कोणी आपल्या नावडतीला म्हणत नाही, हे मला कळतं. पण उत्तर ते नव्हतं.

त्याच सुमारास म्हसा गावची जत्रा लागली. शाळेतल्या एक शिक्षिका मला ओढून घेऊन गेल्या. पाळण्यासाठी घोंगडी घ्यावी म्हणून मी गेले, पण जाता जाता त्यांनी बैलबाजारातून फिरवून आणलं. भावाच्या हट्टाचं मी त्यांना सांगत होते. बोलता बोलता नावाचे दोन्ही अर्थ सांगितले. आजूबाजूला शिंगं रंगवलेले बैल, गळ्यात घंटा. त्या थांबून हसत सुटल्या. म्हणाल्या, मॅडम, तुमी इथं उभ्या राहून स्वतःला गाय म्हणताय, एखादा किंमत विचारेल. मग हसू आवरून म्हणाल्या, गाय काय वाईट हाय? आमच्या घरात गाय व्याली की म्हातारी तिच्यापाशी बसते, सुनेपाशी नाय. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असेन. घोंगडी घेतली, पांढरी, काठाला काळी पट्टी असलेली.

बारशाच्या आठवड्यात आईला खोकला झाला, म्हणून दवाखान्यात घेऊन गेले. तिथली मुलगी नवीन होती. तिनं आईकडे बघून प्रेमानं विचारलं, आजी, नाव काय तुमचं? आई ताठ बसली आणि म्हणाली, "लेआ."

मी चटकन आईचं खरं नाव सांगितलं. तिचं नाव एका फुलाचं आहे, रेशनकार्डावर तेच, आधारकार्डावर तेच, वडील तेच नाव घेऊन तिला बोलवायचे. लेआ मी आहे, असंही मी त्या मुलीला समजावलं, आणि आईच्या डोक्यात आता सगळी सरमिसळ होते, हेही. मुलीनं समजून मान हलवली. परत येताना रिक्षात आईनं माझ्याकडे पाठ केली. घरी आल्यावर जेवली नाही. काकूंनी विचारलं तेव्हा म्हणाली, "सगळं हीच सांगते. मग मला कशाला विचारतात?" मला राग आला. रोज दिवसभर वर्गात उभी असते, वर तुझ्यासाठी रजा घेते आणि तू फुगून बसतेस, असं मी तिला बोलूनही टाकलं. तिनं ऐकलं की नाही, माहीत नाही.

बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी इस्राएलहून मावशीचा व्हिडिओ कॉल आला. मावशी आईची थोरली बहीण, नव्वदीच्या घरातली. मी जन्मल्यानंतर थोड्याच काळात ती तिकडं गेली. तिचा नातू फोन धरून असतो, आणि ती कपाळ तेवढं दाखवत बोलते. अधूनमधून फोन यायचा, पण बोलणं व्हायचं ते आधी वडिलांशी आणि नंतर माझ्याशी. आईला फोनवर बोलायची सवय कधी लागलीच नाही. भावाला मुलगी झाल्याचं कळून मावशी खूश होती. तिनं पहिलंच विचारलं, लेआ कुठंय?

मी म्हटलं, मीच बोलतेय मावशी.

"तू नाय गो," ती म्हणाली. "माझी लेआ. तुझी आई."

मला वाटलं, दोघी बहिणींचं एकदमच बिघडलं. पण मावशीचं डोकं शाबूत आहे, नातवंडांचे वाढदिवस तिला पाठ आहेत. मी विचारलं, मावशी, आईचं नाव लेआ कधी होतं? ती म्हणाली, जन्मली तेव्हापासून लग्नापर्यंत. मग तिनं सगळं सांगितलं, आणि मी ओट्याला टेकून, हातात खोबऱ्याची वाटी तशीच धरून ऐकत राहिले.

लग्नाच्या बोलणीत वडिलांकडच्या मंडळींनी एकच अडचण काढली होती. घरात सासू लेआ, सून लेआ, हाक कोणाला मारली ते कसं कळायचं? आणि सुनेनं सासूचं नाव लावून कसं मिरवायचं? मुलीचं नाव बदला. तेव्हा लग्नात नाव बदलायचेच, त्यात कोणाला काही वाटलं नाही. आईच्या वडिलांनी मान डोलावली. आईला कोणी विचारलं नाही. पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिच्या आईनं सवयीनं जुन्या नावानं हाक मारली, तर सोबत आलेल्या सासरच्या बाईनं डोळे वटारले. मग माहेरीही तिला सगळे धाकटी म्हणायला लागले. ते नाव असं दोन्ही घरांतून बंद झालं.

मी विचारलं, आणि माझं नाव?

"सासूनंच ठेवलं ना," मावशी म्हणाली. "तुझी आई मला येऊन सांगत होती आणि हसत होती गो. पदर तोंडावर धरून. म्हणाली, बघ, त्यांनी घेतलं आणि त्यांच्याच हातानं परत आलं."

फोन बंद झाल्यावर मी तिथंच बसले. मला रडू आलं, आणि तितकाच रागही आला. एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून ही बाई माझ्यासमोर इतकी वर्षं भाकऱ्या थापत राहिली. मी तिच्याबद्दल काय काय धरून बसले होते! एका वाक्यात सगळं संपलं असतं. पण मग वाटलं, मी तरी कधी विचारलं? बाईला माहेरी काय म्हणत होते, हा प्रश्न आपल्याकडे कोणाला पडतो?

आई ओसरीवर उन्हात बसली होती. मी तेलाची बाटली घेऊन तिच्या मागे बसले आणि तिच्या डोक्याला तेल लावायला लागले. केस आता मुठीतही येत नाहीत इतके विरळ. दुपारचं ती जरा भानावर असते. मी हळूच म्हटलं, आई, मावशीनं सांगितलं मला. तुझं नाव लेआ होतं.

तिनं मान वळवली नाही. "हाय," ती म्हणाली.

मग मी विचारलं, मला कधी त्या नावानं बोलवलं का नाहीस गं? ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मला वाटलं, गेली पुन्हा कुठंतरी. पण तिनं उत्तर दिलं, आणि तेही थोडं चिडूनच, मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं म्हणून. म्हणाली, आपणच आपल्याला हाक कशी मारायची?

मी पुढं होऊन तिच्यासमोर बसले. आता उद्याचा प्रश्न उरला होता, आणि माझं मन एका तासात उलटं झालं होतं. थकलेली काय आणि गाय काय, मला आता ते नाव भाचीला द्यावंसं वाटत होतं. आईच्या नावानं नात वाढेल, याहून चांगलं काय! मी म्हटलं, "तुझं नाव पोरीला ठेवू?"

"नको," ती म्हणाली. "नेतील कोणीतरी."

"आता नाय बदलत कोणी नाव, आई. ते दिवस गेले."

"तुझं राहिलं."

"माझं लग्नच नाय झालं."

"तेच तर," आई म्हणाली. "म्हणून राहिलं."

आणि ती माझ्याकडे बघून हसली. वेड्यासारखी नाही, चांगली हुशारीनं हसली. मला बघायला येऊन गेलेली माणसं मला आठवली. यहुदी मुलगा मिळणं तालुक्यात अशक्यच, ठाण्या-पनवेलची स्थळं यायची आणि शाळेची नोकरी सोडायची का या मुद्द्यावर मोडायची. दर वेळी वडील खचायचे. आई कधी रडली नव्हती. तिला माझं काही पडलेलं नाही, असा मी त्याचा अर्थ लावला होता. तिनं तेव्हा मनातल्या मनात काय केलं असेल, ते मला त्या उन्हात बसून पहिल्यांदा दिसलं, आणि माझ्याच्यानं तिथं बसवेना. मी आत जाऊन तोंड धुतलं.

भावाला मी संध्याकाळी सांगितलं की हे नाव ठेवणार नाही. तो वैतागला. भावजयीनं तर आमंत्रणाच्या मेसेजमध्ये नाव घालून पाठवलंही होतं. मी म्हटलं, आत्याचा मान आहे, आत्या ठरवेल. नाही तर तुमचं तुम्ही पाळण्यात वाका. आईचं काही मी त्याला तेव्हा सांगितलं नाही. त्याला त्याच्या नावानं रोज हाक मिळालेली आहे, त्याला ते समजायला वेळ लागला असता आणि मला समजावायची ताकद नव्हती.

बारशाला घर भरलं. ठाण्याहून आमचे थोडे लोक आले, बाकी सगळ्या गल्लीतल्या बायका. काकूंनी हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजवल्या, मी पोहे, गूळ आणि ओल्या नारळाचा मलिदा केला. हिब्रू प्रार्थना झाली, तेव्हा गल्लीतल्या बायका डोक्यावरून पदर घेऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी पाळणा म्हणायला घेतला, तेव्हा आमची ठाण्याची मंडळी टाळ्या वाजवायला लागली. आई खाटेवर पाय वर घेऊन बसली होती, नवी साडी नेसवलेली, कोण कोणाकडे आलंय याचा तिला पत्ता नव्हता. बाळ घोंगडीवर झोपलेलं. चेहरा भावजयीवर गेलाय, नाक आमचं नाही, सुटली बिचारी.

मी पाळण्यात वाकून बाळाच्या कानात तिचं नाव सांगितलं. कोणतं ते इथं लिहीत नाही. ते तिचं आहे, कोऱ्या कापडासारखं, आमच्या घरात आधी कोणाचंही नव्हतं. बायकांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले, काकूंनी तर जुना राग काढल्यासारखा घातला. मी सरळ उभी राहिले. कंबर दुखत होती. समोर घुगऱ्यांच्या वाट्या फिरायला लागल्या होत्या, आणि कोणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

मी खाटेपाशी गेले, वाकले, आणि आईच्या कानाशी तोंड नेऊन तिला हाक मारली. लेआ.

"ओ," आई म्हणाली. "आले, आले." आणि पाय खाली सोडून ती चपला शोधायला लागली.